रिप्लाय १९८८ : जंगह्वान मागे का हटला?

शेवंती
(खाली शेवटापर्यंतचं सगळं कथानक उघड केलंय. मालिका पाहायची राहिली असेल तर इथेच थांबा.)

गेल्या महिन्यात 'रिप्लाय १९८८' ही कोरियन मालिका दुसऱ्यांदा पाहून संपवली. दॉकसन आणि तिच्या गल्लीतले लहानपणापासूनचे मित्र यांची गोष्ट. त्यातल्या जंगह्वान आणि तेक या दोघांनाही ती आवडते, आणि तिचा नवरा कोण होणार हे मालिका शेवटापर्यंत लपवते. या वेळी सोबत नणंद होती, तिची पहिलीच वेळ. अठरावा भाग संपला आणि आम्ही दोघी रात्री दीडपर्यंत ओट्याशी उभ्या राहून भांडलो. नवरा दोनदा पाणी प्यायला आला आणि काही न बोलता परत गेला.

भांडणाचं कारण सिग्नलचा प्रसंग. साल १९९४. दॉकसन एकटी गाण्याच्या कार्यक्रमाला गेलीये हे कळल्यावर जंगह्वान सिनेमा अर्धा सोडून गाडी काढतो. वाटेत एकामागून एक लाल दिवे लागतात. तो पोचतो तेव्हा तेक तिच्यासमोर उभा असतो. परत जाताना जंगह्वान स्वतःशीच बोलतो, त्याचा आशय असा: नशीब म्हणजे वेळ साधणं, पण दोष सिग्नलचा नव्हता, वेळेचाही नव्हता, माझ्याच असंख्य वेळा घुटमळण्याचा होता.

नणंद म्हणते, त्याने जिवलग मित्रासाठी प्रेम सोडलं, याहून मोठं मन कुठे असतं? माझं म्हणणं, त्याग तेव्हाच म्हणावा जेव्हा सोडलेली गोष्ट आपली असते. दॉकसन त्याची कधी होती? तिला त्याने एकदाही विचारलं नाही. तेकला ती आवडते हे कळल्यावर तो गप्प झाला. जंगह्वानच्या पाकिटात तिच्यासोबतचा फोटो सापडल्यावर तेक गप्प झाला. दोघांनी आपापल्या मनात तिची वाटणी करून टाकली आणि ती बिचारी घरी बसून विचार करतेय की माझं काय चुकलं.

तर प्रश्न दोन. जंगह्वान मागे हटला तो मैत्रीसाठी, भीतीने, की आणखी कशाने? आणि दॉकसनचं त्याच्यावर खरंच प्रेम होतं का?

ओंकार_ठाणे
जंगह्वान. कायम जंगह्वान. बसमध्ये तिला धक्का लागू नये म्हणून तो दोन्ही हात रोवून उभा राहतो, हाताच्या शिरा ताणलेल्या दिसतात. तिला पत्ताही नसतो. याला प्रेम नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

मीनल
ओंकार, तिला पत्ताही नसतो हेच तर दुखणं आहे ना.

निशिगंध
शेवंती, छान धागा. माझं उत्तर 'आणखी कशाने' हे आहे. जंगह्वानला समजून घ्यायचं तर दॉकसनकडे बघू नका, त्याच्या घराकडे बघा.

त्या घरात मोठा भाऊ जंगबोंग जन्मापासून हृदयाचा रुग्ण. आईचा जीव सतत त्याच्यात. अशा घरातलं धाकटं मूल लवकर शहाणं होतं आणि स्वतःसाठी काही मागायचं नाही हे न शिकवता शिकतं. मला स्वतःच्या घरातून हे माहीत आहे, म्हणून ठामपणे लिहिते. आजारी भावंड असलं की आपला हट्ट आपणच गिळतो. नंतर तो गिळायची इतकी सवय होते की हवं काय होतं तेही आठवत नाही.

तो प्रसंग आठवतोय का, आई चार दिवस माहेरी जाऊन येते आणि घर तिच्याशिवाय व्यवस्थित चाललेलं बघून हिरमुसते? बापाला कळत नाही, जंगबोंगला कळत नाही. जंगह्वानला कळतं की आईला आपली गरज आहे हे दिसायला हवंय. मग तो मुद्दाम घरात घोळ घडवून आणतो आणि ती ओरडत ओरडत खुलते. तो मुलगा माणसं वाचतो. सगळ्यांची मनं वाचतो आणि स्वतःचं मिटून ठेवतो.

वैमानिक होण्याचं स्वप्नही त्याचं नव्हतं, भावाचं होतं. भावाला शरीरामुळे जमणार नव्हतं म्हणून हा हवाई दलात गेला. जो मुलगा आख्खं आयुष्य भावाच्या स्वप्नावर बेततो, तो मित्राच्या आड येईल का? आणि मित्रही कोण, तर ज्याची आई लहानपणीच गेलीये, ज्याला झोपेच्या गोळ्यांशिवाय झोप नाही. जंगह्वानच्या नजरेत तेक हा दुसरा जंगबोंगच आहे. दुबळ्याला आधी द्यायचं, हे त्याच्या हाडीमाशी खिळलंय. तो घाबरट नाहीये, त्याला मागताच येत नाही.

शेवंती
निशिगंध, तेक म्हणजे दुसरा जंगबोंग! हे मला दोनदा पाहूनही सुचलं नव्हतं. नणंदेला तुझा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणते, 'बघ.'

प्राची_ब
निशिगंधचं विश्लेषण आवडलं, पण मागता न येणं हा स्वभाव झाला. त्याची किंमत दुसऱ्या माणसाने का मोजायची?

अंगठीचा प्रसंग घ्या. हवाई दलाच्या अकादमीची पदवीची अंगठी तो तिच्यासमोर ठेवतो आणि सगळं बोलतो. सकाळी सोबत शाळेत जायला मिळावं म्हणून फाटकाशी किती वेळ ताटकळलो, तू अभ्यासिकेतून यायची तोवर झोप कशी लागायची नाही, दिवसभर तुझाच विचार असायचा. हे ऐकताना आपल्या डोळ्यांत पाणी येतं. आणि पुढच्या क्षणी तो शेजारी बसलेल्या मित्राकडे, दोंगर्योंगकडे वळून विचारतो की झालं का तुझं समाधान. म्हणजे सगळं चेष्टेत घालवलं. त्याला हलकं व्हायचं होतं म्हणून तो बोलला, आणि उत्तर ऐकायची तयारी नव्हती म्हणून हसण्यावारी नेलं. दॉकसन तिथेच बसलेली. तिच्या हातात काय उरलं? ती उत्तर देऊ शकत नाही, रागावू शकत नाही, धड रडूही शकत नाही.

मला पहिल्यांदा बघताना त्याचं वाईट वाटलं होतं. दुसऱ्यांदा तिचं वाटलं.

ओंकार_ठाणे
प्राची, पण तोवर त्याने ठरवलं होतं की ती तेकची आहे. निरोप घेत होता तो. भागाचं नावच पहिल्या प्रेमाला निरोप असं आहे. निरोपाला उत्तर कशाला लागतं?

प्राची_ब
'ती तेकची आहे' हे कुणी ठरवलं? पुन्हा त्यानेच ना?

वसुधा_र
मी वयाने तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठी, पासष्टची. मुलाने लॉकडाउनमध्ये ही मालिका लावून दिली आणि म्हणाला, आई, तुझी गिरगावची चाळ आहे यात. पहिल्याच भागात संध्याकाळी एकेका घरातली पोरं वाडगे घेऊन या घरातून त्या घरात पळतात आणि शेवटी प्रत्येकाच्या ताटात पाच घरची भाजी, ते बघून मी टीव्ही थांबवला आणि थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. आमच्याकडे वाटी रिकामी परत करायची पद्धत नव्हती. काही नसलं तर चिमूटभर साखर घालून द्यायची. सांगमुनदोंगची गल्ली मला परकी वाटलीच नाही.

तुम्ही मुलंमुली नवरा कोण यावर भांडताय, भांडा. मला त्यातली सगळ्यात मोठी प्रेमकथा वाटते ती तेकचे वडील आणि त्याच टोळक्यातल्या सनऊची आई यांची. तो घड्याळाच्या दुकानात बसणारा अबोल विधुर, ती पदरात दोन मुलं असलेली विधवा, दोघं एकाच गावाकडची. माहेरून आई येणार म्हणून ती शेजारणींकडून सामान उसनं आणून घर भरलेलं दाखवते. आईला सगळं कळतं, आणि ती बोलत काही नाही, पैशाचं पाकीट ठेवून जाते. या बाईने आयुष्यभर झाकपाक केली. तिच्या घरात तो माणूस गाजावाजा न करता लागेल ते काम करून जातो. प्रेमाचं एक वाक्य नाही.

सनऊला आधी ते खुपतं, आणि त्याचं खुपणंही मला खोटं वाटलं नाही. वडील गेल्यावर घरातला पुरुष तोच होता. त्याची जागा कुणीतरी घेतंय असं वाटणारच. पण तो आईचा चेहरा बघतो आणि हळूहळू बाजूला सरतो. हे मागे हटणं मला जंगह्वानच्या मागे हटण्यापेक्षा मोठं वाटतं, कारण इथे ज्या माणसासाठी हटला, त्या माणसाला खरंच ते हवं होतं.

मीनल
वसुधाकाकू, शेवटच्या वाक्याला साष्टांग नमस्कार.

अवंती_सुवॉन
मी गेली सहा वर्षं कोरियात, सोलच्या दक्षिणेला सुवॉनमध्ये राहते. थोडी माहिती देते, चर्चेला उपयोग होईल.

मालिका टीव्हीएनवर नोव्हेंबर २०१५ ते जानेवारी २०१६ या काळात झाली, एकूण २० भाग. शेवटच्या भागाचं रेटिंग १८.८ टक्के, केबल वाहिनीसाठी तो तेव्हाचा विक्रम. तुम्ही जे भांडताय ते इथे आख्ख्या देशाने भांडून झालंय, त्याला शब्दसुद्धा आहेत. 'ओनामर्यू' म्हणजे काही झालं तरी नवरा र्यूच, म्हणजे जंगह्वान झालेला र्यू जुन-योल. आणि 'ओनामतेक' म्हणजे काही झालं तरी नवरा तेकच.

तेकचं पात्र ली छांग-हो या खऱ्या बदुक खेळाडूवरून घेतलंय. बदुक म्हणजे काळ्यापांढऱ्या सोंगट्यांचा खेळ, जपानी लोक त्याला गो म्हणतात. ली छांग-हो १९७५ चे, पोरवयातच अव्वल झाले, आणि पटावर चेहऱ्यावरची रेषही हलत नसे म्हणून त्यांना दगडी बुद्ध म्हणायचे. हे लक्षात घेतलं की तेकचा स्वभाव उलगडतो. त्याला बुटाची नाडी धड बांधता येत नाही म्हणून आपण त्याला बाळ समजतो. गल्लीतली पोरंही त्याला 'हीदोंगी' म्हणतात, ते एका कार्टूनमधल्या तान्ह्या बाळाचं नाव. पण बदुकवाला माणूस पन्नास चाली पुढचं बघतो आणि वेळ आली की सोंगटी ठेवतो. ठेवली की उचलता येत नाही. तेक बोलला तेव्हा एकदाच बोलला, सगळ्या मित्रांसमोर: मला दॉकसन आवडते, मुलगी म्हणून.

आणखी एक. दॉकसन जंगह्वानला विचारते की मी एका मुलाला भेटायला जाऊ का. तो म्हणतो, 'हाजी मा.' नको करूस. बस्स. भाषांतरात ते रोमँटिक वाटतं, पण मूळ कोरियनमध्येही त्यात कारण नाहीये. का नको, ते तिने ओळखायचं.

दादरकर
माझा वेगळा सूर. पात्रांच्या मनाचं एवढं खोदकाम करण्याआधी लेखकांनी काय खेळ केला तो बघा. दिग्दर्शक शिन वॉन-हो आणि लेखिका ली ऊ-जंग यांनी २०१२ च्या 'रिप्लाय १९९७' मध्ये नवरा कोण हे कोडं घातलं, २०१३ च्या 'रिप्लाय १९९४' मध्ये पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा प्रेक्षक सावध होते, म्हणून त्यांना चकवायला हवं होतं.

पुरावा देतो. वर्तमानकाळात नवऱ्याचं काम किम जू-ह्युकने केलंय. (गुणी नट, २०१७ मध्ये अपघातात गेला.) तो सोफ्यावर बसून बायकोला टोमणे मारतो, खेकसतो, खांदे उडवतो. हा माणूस तारुण्यात तेक होता? तो तर मोठा झालेला जंगह्वान वाटतो! तेक कधी कुणावर खेकसला? जवळपास निम्मी मालिका आपण जंगह्वानच्या डोळ्यांनी बघतो, त्याचं मनोगत ऐकतो, आणि शेवटच्या चार भागांत गाडी वळते. हे पात्राचं मागे हटणं नाही, पटकथेने त्याला मागे ओढलंय. शेवटच्या दोन भागांत तर तो जवळजवळ दिसतच नाही. ज्याच्यासोबत आपण पंधरा-सोळा भाग चाललो त्याला धड शेवटही दिला नाही, याचा मला आजही राग आहे.

ओंकार_ठाणे
दादरकर, +१००. शेवट न देणं हा अन्याय आहे.

मीनल
दादरकर, कोड्यासाठी नवऱ्याचं वागणं वाकवलं हे मान्य. पण गाडी शेवटी वळते हे मान्य नाही, कारण खुणा पहिल्यापासून पेरल्यात. तेकच्या सामन्यासाठीची बीजिंगची सहल नवव्या भागातली. गल्लीत जी मुलगी मठ्ठ म्हणून प्रसिद्ध, वर्गात शेवटून मोजावी लागते, ती दॉकसन परक्या देशात, भाषा येत नसताना, तेकच्या खाण्यापासून झोपेपर्यंत सगळं निभावते. तेकसोबत आलेले मोठे लोक तिच्याकडे बघत राहतात. घरी तिला कुणी 'तुला जमेल' म्हटलं नव्हतं.

आणि एक गोष्ट सगळे विसरताय. मागे दोघेही हटले होते! फोटो बघून तेकने सिनेमाला जायचा बेत रद्द केला, तिला पुन्हा फोन केला नाही, वर्षानुवर्षं गप्प राहिला. त्यागाचे गुण द्यायचे तर दोघांना सारखेच द्या. फरक १९९४ च्या त्या संध्याकाळी पडला. तेक महत्त्वाचा डाव सोडून आला. ज्याचं आयुष्यच बदुक, त्याने पटावरून उठून हार पत्करली. जंगह्वान सिनेमा सोडून आला. मला दोघंही आवडतात, पण हा फरक नाकारू नका.

निशिगंध
मीनल, सिनेमा विरुद्ध डाव ही तुलना मला खटकते. कुणी किती मोठी गोष्ट सोडली यावर प्रेम मोजायचं का? निघाले दोघेही. एक चार मिनिटं आधी पोचला. आणि जंगह्वान स्वतःच कबूल करतो की चूक माझी. ज्या मुलाने आयुष्यात कधी स्वतःसाठी धाव घेतली नाही, त्याने त्या दिवशी घेतली. माझ्यासाठी तो त्याचा सगळ्यात धीट क्षण आहे. उशिरा आलेला, पण धीट.

भटक्या
जरा अवांतर, पण नात्यांचीच गोष्ट आहे. दॉकसनची मोठी बहीण बोरा आणि सनऊ यांच्या प्रेमावर कुणी बोलतच नाहीये. दोघांचंही आडनाव संग, मूळ गावही एकच. कोरियात आडनाव आणि मूळ घराणं एक असेल तर लग्न करायला कायद्याने बंदी होती. त्यांच्या नागरी संहितेचं कलम ८०९. कितीतरी पिढ्यांपूर्वीचा पूर्वज एक म्हणून आज लग्न नाही! १९९७ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ही बंदी राज्यघटनेशी विसंगत ठरवली आणि कायद्याच्या पुस्तकातून ती २००५ मध्ये निघाली.

मला बघताना एकदम आपलं सगोत्र आठवलं. आपल्याकडे १९४६ च्या कायद्याने सगोत्र विवाहाची अडचण दूर केली, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही सगोत्राला मनाई नाही. तरीही आजसुद्धा पत्रिकेसोबत गोत्र विचारतातच की. माझ्या मावसबहिणीचं ठरत आलेलं लग्न २००३ मध्ये गोत्रावरून मोडलं. दोघं एकमेकांना पसंत होते, दोन्ही घरं शिकलेली होती. बैठकीत एका वडीलधाऱ्यांनी गोत्र विचारलं आणि सगळे गप्प झाले. त्यामुळे सनऊची आई बोराला नाही म्हणते तेव्हा मला ती दुष्ट वाटली नाही, घाबरलेली वाटली. ती बोराला लहानपणापासून ओळखते, तिच्या हातचं खाल्लेली पोर आहे ती. पण उद्या नातवंडांचं कागदोपत्री काय होईल, ही भीती तेव्हा खरी होती.

अवंती_सुवॉन
भटक्या, अगदी बरोबर. नोंदणीच होत नसल्यामुळे अशा जोडप्यांच्या मुलांचे खूप हाल झाले. मधूनमधून वर्षभरासाठी सवलतीचे खास कायदे आले, १९७८, १९८८ आणि १९९६ ला. तेव्हा हजारोंनी नोंदणी करून घेतली.

प्राची_ब
बोराचं सनऊला सोडणं आणि जंगह्वानचं मागे हटणं शेजारी ठेवून बघा. वकिलीच्या परीक्षेच्या अभ्यासासाठी ती निघून जाते, पण जाताना तोंडावर सांगते. तो रडतो, कोलमडतो, पण त्याला माहीत असतं की काय झालं. म्हणूनच १९९४ मध्ये कुणीतरी ठरवून दिलेल्या भेटीत दोघं समोरासमोर आल्यावर धागा जिथे तुटला तिथून जोडता आला. बोरा कडक आहे, केस धरून बहिणीला बदडते, पण कुणाला अंधारात ठेवत नाही.

रानवारा
बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज लिहितो.

१९९३ ची गोष्ट, नाशिकला कॉलेजात होतो. आम्ही चौघे मित्र आणि ती. सायकली, गंगेवरची भेळ, एकमेकांच्या वह्या. मला ती आवडायची. एके दिवशी मित्राने मला तिच्यासाठी लिहिलेलं पत्र दाखवलं आणि म्हणाला, शुद्धलेखन बघ रे. मी बघितलं. चार चुका सुधारून दिल्या. त्याला काही सांगितलं नाही, तिलाही नाही. त्यांचं लग्न झालं नाही, ते वेगळ्याच कारणांनी. पुढे बारा-तेरा वर्षांनी ती एका लग्नात भेटली. बोलता बोलता म्हणाली, तू त्या वर्षी अचानक बोलणं का सोडलंस? मला वाटलं माझ्या हातून काहीतरी घडलं.

मी तोवर मनात स्वतःला फार मोठा समजत होतो. मित्रासाठी केलं असं. त्या दिवशी कळलं की माझ्या मोठेपणाचा भार इतकी वर्षं ती वाहत होती.

जंगह्वानने टेबलावर अंगठी ठेवली तेव्हा मी एकटाच होतो घरात. खूप रडलो. त्याने निदान चेष्टेत का होईना सांगितलं. मी तेही केलं नव्हतं.

वसुधा_र
रानवारा, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत. तिने विचारलं तेव्हा तुम्ही खरं सांगितलंत का?

रानवारा
हो काकू. सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, बरं झालं, माझी चूक नव्हती तर.

शेवंती
रानवारा, तुमचा प्रतिसाद सकाळपासून तीनदा वाचला.

प्राची_ब
मला आता मूळ दुसऱ्या प्रश्नावर यायचंय, कारण आपण सगळेजण मुलांच्या मनातच अडकलोय.

दॉकसन मधली मुलगी. मोठी बोरा हुशार, धाकटा मुलगा म्हणून लाडका. पहिल्या भागात अंडी कमी पडतात तर हिच्या वाट्याला येत नाहीत. वाढदिवस बोराच्या केकवर, मेणबत्त्या काढून पुन्हा लावायच्या. ती फुटते, रडते, तेव्हा बाप रात्री गल्लीत छोटा केक घेऊन येतो आणि सांगतो की मीही पहिल्यांदाच बाप होतोय, मला येत नाही. ऑलिंपिकला देशाची पाटी धरायला निवडली जाते, महिनोन्‌महिने मादागास्करसाठी सराव करते, आणि मादागास्कर यायचंच रद्द करतं. मग युगांडाची पाटी मिळते. तिच्या वाट्याला नेहमी उरलेलं येतं.

अशी मुलगी प्रेमात कशी पडते? मैत्रिणी म्हणाल्या सनऊला तू आवडतेस, की तिला सनऊ आवडायला लागला. तो बोराच्या मागे निघाला. मग मैत्रिणी म्हणाल्या जंगह्वानला तू आवडतेस, की तिचं लक्ष तिकडे. तिने दिलेला गुलाबी शर्ट जंगबोंगच्या अंगावर दिसला आणि ते घर तिच्यासाठी बंद झालं. ती प्रत्येक वेळी कुणाला मी हवीये एवढंच शोधतेय.

दोंगर्योंग, ज्याला सगळे विदूषक समजतात, तिला विचारतो की तुला कोण आवडतो हे मरू दे कुणाला तू आवडतेस त्याचं, तुला स्वतःला कोण आवडतं? आख्ख्या मालिकेतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला हा वाटतो. त्यानंतरच ती स्वतःच्या मनात डोकावते. तेव्हा तिला तेक दिसतो.

म्हणून माझं उत्तर: जंगह्वान तिला आवडायचा, पण त्याला मी आवडते या बातमीवर तिचा जास्त जीव होता. प्रेम होण्याइतकं त्याने काही हाती लागूच दिलं नाही.

दादरकर
प्राची, वाक्याची गाडी मध्ये घसरली तरी प्रश्न पोचला. आणि हा मुद्दा मला पटला. माझा राग लेखकांवर कायम आहे, पण दॉकसनची रेघ सरळ आहे हे मान्य करतो.

ओंकार_ठाणे
मी मान्य करणार नाही. तिने बसमध्ये वर बघितलं होतं. एकदा तरी बघितलं होतं.

निशिगंध
ओंकार, मीही तुझ्याच बाजूची. पण प्राचीचं वाचून वाटलं की दोघंही सारखीच होती, जंगह्वान आणि दॉकसन. दोघांनाही घरात मागायला शिकवलं नव्हतं. तो आपणहून देत राहिला, ती कुणीतरी देईल म्हणून थांबली. दोन न मागणारी माणसं समोरासमोर आली तर होणार काय?

वसुधा_र
यावर एक सांगते. माझी सून मधली बहीण आहे. पहिला भाग आम्ही दोघींनी एकत्र पाहिला होता आणि केकच्या प्रसंगाला ती उठून आत गेली. मी विचारलं नाही. पण त्या वर्षापासून तिच्या वाढदिवसाचा केक मी स्वतः आणते, तिच्या आवडीचा, अननसाचा. ती दरवर्षी म्हणते, आई, कशाला. आणि दरवर्षी पहिला तुकडा स्वतः खाते.

शेवंती
काल रात्री अठरावा भाग पुन्हा लावला, फक्त अंगठीपासून पुढे, आवाज बंद करून. या वेळी त्याच्याकडे बघायचं नाही, फक्त दॉकसनकडे बघायचं असं ठरवलं होतं. तो बोलायला लागतो तेव्हा ती आधी हसते, नेहमीसारखी चेष्टा समजून. मग हसू थांबतं. मग ती त्याच्याकडे बघत राहते. तो दोंगर्योंगकडे वळतो आणि तिला पुन्हा हसावं लागतं. ते दुसरं हसू मी आधी दोन्ही वेळा पाहिलंच नव्हतं, कारण माझे डोळे भरलेले होते आणि लक्ष त्याच्याकडे होतं.

निशिगंध, तू म्हणतेस तसा तो मागता न येणारा मुलगा आहे हे मला आता पूर्ण पटलंय. 'भीतीने' हा पर्याय मी मागे घेते. पण त्याग हा शब्दही घ्यायला माझं मन तयार नाही. सगळे निघून जातात आणि कॅमेरा टेबलावरच्या अंगठीवर थांबतो. ती अंगठी दिलेली नाही, ठेवलेली आहे.

हे नणंदेला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, दिली असती तर तिने घेतली असती का? मी म्हटलं, ते तिला ठरवू द्यायचं होतं. मग ती जरा थांबली आणि म्हणाली, वहिनी, शनिवारी येते, आपण पहिल्या भागापासून पुन्हा लावू. या वेळी मी पण फक्त तिच्याकडे बघणार.